बेटीची बाहुली

"तब्येत बरी आहे ना, डेल्फिनबाय?"

नाताळच्या आधीच्या आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारची मिस्सा संपवून मी चर्चच्या पायऱ्या उतरत होते. हे विचारणारी ही चौथी बाई. तिने तर माझं कोपर धरून मला उतरवलं. अहो, अडुसष्ट वर्षांची असले म्हणून काय झालं? चौतीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात नर्स होते मी, धडधाकट पुरुष एका हाताने कुशीवर वळवलेत. वेदीजवळच्या हिरव्या चक्रातली गुलाबी मेणबत्ती पेटवताना फादरनीसुद्धा माझ्याकडेच बघितलं होतं. माझ्या कपाळावर काही लिहिलंय की काय, असं म्हणत मी भुईगावात आमच्या गल्लीत शिरले.

गल्लीच्या तोंडाशी आशालता केळीची पानं कापत होती. तिची वाडी माझ्या कुंपणाला लागून आहे. तिच्या पोटात काही राहत नाही, हे मला पक्कं ठाऊक.

"आशालता, खरं सांग. आज सगळ्यांना माझा एवढा पुळका का आलाय?"

"तुम्ही भावजींच्या पडवीत नाय गेलात वाटतं?" तिने कोयता खाली ठेवला. "त्यांनी तुमची बाहुली केलीय. गोठ्यातली."

"अगं, मी जिवंत आहे!"

"तेच तर सगळी बोलतात. अजून जिवंत आहेत म्हणून."

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. एडवर्ड भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, बेटीचे, यजमान. आयुष्यभर वाड्यांमधल्या विहिरींचे पंप दुरुस्त केले. पण आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटली की हातातले पाने बाजूला ठेवायचे आणि बावखलाच्या, म्हणजे आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठची माती मळायला घ्यायचे. आमच्या चर्चमधल्या नाताळच्या गोठ्यात मारिया, योसेफ, बाळ येशू सगळीकडे असतात तसेच असतात. मेंढपाळ मात्र भावजींच्या हातचे. आमच्या गावात त्या वर्षी जी माणसं वारली, त्यांचे चेहरे त्या मेंढपाळांना असतात. चोवीस तारखेला संध्याकाळी मिस्सेच्या आधी फादर एकेक नाव वाचतात, आणि त्या घरचा माणूस आपली बाहुली नेऊन गव्हाणीजवळ ठेवतो. ज्या घरात यंदा खुर्ची रिकामी झाली, त्या घराला बाळाजवळ पहिली जागा. जानेवारीत तीन राजांच्या सणानंतर बाहुली घरी न्यायची. ज्याचं त्याला हे एकदाच, पुढल्या वर्षी नाही.

आणि भावजी फोटो बघून चेहरा करत नसत. डोळे मिटून बसायचे, आणि बोटं आपोआप चालायची.

यंदा मे महिन्यात आमची बेटी गेली. म्हणून पडवीत तिची बाहुली असायला हवी होती.

मी तडक त्यांच्या घरी गेले. पडवीत पाटावर पाच बाहुल्या वाळत होत्या. फर्डिनंड मास्तर तर हुबेहूब, ओठ आवळून बसलेले. शेवटची बाहुली बाईची. लांबट चेहरा, पुढे आलेली हनुवटी, आणि हनुवटीवर चामखीळ. माझी चामखीळ! आमची बाय, म्हणजे बेटी, गोल चेहऱ्याची होती, बाबांच्या वळणाची. मी आईच्या. आम्ही सख्ख्या बहिणी आहोत हे लोकांना सांगावं लागायचं.

मेलेल्या माणसांना मी कधी घाबरले नाही, पण त्यांच्या रांगेत आपण बसलोय हे बघणं वेगळं.

"भावजी, ही कोण?"

ते दाराच्या चौकटीत बसले होते. दाढी वाढलेली, नखांत माती.

"बेटी करत होतो," ते म्हणाले. "तू झालीस."

"म्हणजे काय?"

"तीनदा मोडून केली. तिन्ही वेळा तूच. डबा घेऊन रोज तू येतेस ना समोर... डेल्फिन, मला तिचं तोंड आठवत नाही गं."

मला आधी रागच आला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार! मी आत जाऊन भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बाहीने काच पुसली, बराच वेळ बघितलं.

"ही चोवीस वर्षांची पोर आहे. हिला मी दोन दिवस ओळखत होतो. हिला कुठे ठेवू?"

"मग मी सांगते तसं करा," मी म्हटलं आणि समोर बसले. "बायचे डोळे..."

"हां. कसे होते?"

आणि मी थांबले. खोटं कशाला सांगू, मला पुढचं येईना. डोळे मिटले की मला शेवटच्या दिवसाची बाय दिसे. तिचं तोंड मीच धुतलं होतं, जबडा मीच रुमालाने बांधला होता. त्या एका चेहऱ्याने आधीचे सगळे चेहरे खाऊन टाकले होते. भावजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांना कळलं.

घरी आले, पण जेवण जाईना. नाताळच्या करंज्यांचं पीठ भिजवलेलं तसंच पडलं. नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थनेला चर्चमध्ये रोज सगळी म्हणत होती, "ये प्रभू, ये," आणि मी मनात म्हणत होते, बाय, तू ये आधी. एकदा तोंड दाखव आणि जा.

गुरुवारी दुपारी डबा घेऊन गेले, तर भावजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"ऐक."

घराच्या मागे धुण्याच्या दगडावर कुणीतरी कपडे धोपटत होतं. सावकाश, दोन धपके, मग एक. बायचं धोपटणं असंच होतं. तिचा डावा खांदा उतरलेला, तिसऱ्या धपक्याआधी तिला दम घ्यावा लागायचा.

"शेजारच्या बिल्डिंगचं काम चाललंय," मी म्हटलं.

"आज बंद आहे काम. रोज याच वेळेला येते ती," भावजी म्हणाले. "मी मागच्या दारातून बघतो. पाठमोरी बसलेली असते. हाक मारतो, वळतच नाही. सांग ना तिला, एकदा वळ म्हणावं."

मी मागच्या दारात गेले. दगड कोरडा होता. त्यावर शेवाळही वाळून गेलेलं. मी परत आले ते घाबरून, आणि घाबरले की माझी जीभ सुटते.

"का वळेल ती?" मी म्हटलं. "तुम्ही पडवीत रस्त्याकडे तोंड करून बसायचात. ती आत चुलीशी, नाहीतर मागे दगडावर. चहा आणून ठेवला तरी तुमची मान पंपात! गावातल्या प्रत्येक मेलेल्याचा चेहरा तुम्हाला पाठ, आणि घरातल्या जितीकडे बघितलंत कधी? तुम्ही तिची पाठच बघितलीत, भावजी. तीच आठवणार!"

बोलून गेले आणि तोंडावर हात ठेवला. भावजींनी डबा उघडला, आणि न जेवता झाकला. शेवटी म्हणाले, "ती तुझी बाहुली पाण्यात विरघळवून टाकतो. लोक भलतंसलतं बोलतात."

"राहू दे. मला द्या ती." का मागितली, देव जाणे. पदरात गुंडाळून घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. रात्रंदिवस स्वतःच्या तोंडाला तोंड देऊन मी करंज्या तळल्या.

चोवीस तारखेला संध्याकाळी चर्च भरलं होतं. गाव सोडून उमेळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेलीसुद्धा पोराबाळांना घेऊन आली होती. चारही मेणबत्त्या जळत होत्या. फादर नावं वाचू लागले. फर्डिनंड मास्तरांचा मुलगा बाहुली ठेवताना हुंदका देऊन रडला, त्याला कुणी आवरलं नाही. आपलीच माणसं सगळी, कुणाला लाजायचं? मग नाव आलं, "बेटी एडवर्ड."

भावजी उठले. गव्हाणीपाशी जाऊन त्यांनी रुमाल सोडला.

बाई उकिडवी बसलेली, पाठमोरी. डावा खांदा उतरलेला. अंबाडा सैल, त्यातली पिन तिरकी. एका पायाची टाच चपलेबाहेर. अख्ख्या चर्चमधून "अगो बाय" असा एक आवाज फुटला. ती बेटी होती, शंभर टक्के बेटी. पाणी ओढून ओढून वाकलेली पाठ भावजींनी मणक्या-मणक्यानिशी केली होती. एवढी वर्षं त्यांनी काहीच बघितलं नाही, असं मी कुठल्या तोंडाने म्हटलं होतं!

त्यांनी तिला बाळाकडे तोंड करून ठेवलं. मी बाजूने वाकून बघितलं. तोंडाच्या जागी नुसती गुळगुळीत माती होती. भावजी परत येऊन माझ्या शेजारी बसले.

"बाकीचं नाही जमलं," ते पुटपुटले.

फादरनी यादीचा कागद मिटला. तेव्हा मी उठले. पिशवीतून माझी बाहुली काढली आणि गोठ्याकडे चालू लागले. मागे कुजबुज सुरू झाली.

"डेल्फिनबाय," फादर हळूच म्हणाले, "तुमचं नाव नाही यात."

"ठाऊक आहे, फादर."

गुडघे टेकून मी पेंढा सारला, आणि गव्हाणीच्या पलीकडे, बायच्या अगदी समोर, माझी बाहुली ठेवली. चामखीळ, हनुवटी, सगळं तिच्याकडे करून.

"कुणीतरी तिच्या तोंडाकडे बघायला नको?" मी म्हटलं.

मिस्सेनंतर पायऱ्यांवर कुणीच माझ्या तब्येतीची चौकशी केली नाही. भावजींनी माझं कोपर धरलं, आणि मी धरू दिलं.