सदतीस पॉइंट शून्य

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये कोंबडी नाही, खुराडं नाही, तरी कोंबडीचं मांस वाढतं. स्टीलच्या टाकीत पेशी सोडायच्या, त्यांना खाऊ घालायचं आणि सदतीस अंशांवर सांभाळायचं. विकायची परवानगी अजून नाही. अर्जासोबत सलग तीन बॅचच्या बिनचूक नोंदी हव्यात. दोन झाल्या होत्या, तिसरी टाकीत होती. ती बुडाली तर शेडला कुलूप, असं मालकांनी पुण्याहून कळवून ठेवलं होतं.

नोंदवही अजिनाथकडे. हा गडी अठरा वर्षं श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात होता. तिथली सवय अशी की पाळी सुरू झाली की सगळ्या तासांचे आकडे एका बैठकीत, एका पेनाने भरून टाकायचे. पान सुबक दिसतं.

बुधवारी सकाळी अकराला अन्न खात्याच्या तपासनीस ज्योतीबाई आल्या. त्यांनी वही उघडली, मग घड्याळ पाहिलं.

"अजिनाथराव, तुमच्याकडे दुपारचे दोन वाजून गेले का?"

"न्हाई म्याडम."

"मग दोनचं तापमान कुठून आणलंत?"

"सदतीसच असतंय की! मशिन लई गुणाचं हाय."

"मशिन आहे हो. तुमचं काय?"

अजिनाथ हसला. कुणी साथ दिली नाही, तेव्हा थांबला.

गुणवत्तेचं काम मरियम भिंगारदिवेकडे. ती म्हणाली, "बाई, स्क्रीनवर आकडा दिसतो."

"साठवून ठेवते का स्क्रीन?"

"नाही. नुसती दाखवते."

आकडे साठवणारं यंत्र तिने पहिल्याच महिन्यात मागितलं होतं. अजिनाथचं अक्षर चांगलं आहे, असं मालकांचं उत्तर आलं.

"आजचंच पान असं आहे ना, अजिनाथभाऊ?" मरियमने विचारलं.

हा माणूस खोटं बोलत नाही, फक्त लिहितो. "न्हाई ताई. तिन्ही बॅचला असंच."

ज्योतीबाईंनी पंचनामा लिहायला घेतला. नोंदी खोट्या, सबब टाकीतलं चार किलो मांस नष्ट करणे. मरियमने सही केली. तिचा चहा तसाच राहिला.

टाकी रिकामी करतानाचं तापमान लिहावं लागतं. अजिनाथ स्क्रीनपुढे जाऊन उभा राहिला. तेव्हा बरोबर दोन वाजले होते.

"सदतीस पॉइंट शून्य," तो म्हणाला. "म्हनलं हुतं ना, ताई."

मरियमने आकडा लिहिला, पुढे वेळ लिहिली आणि ब्लीचच्या कॅनचं झाकण फिरवलं.