खिशातला फ्यूज

दवाखान्यातली पाळी संपवून थोरली बाबांच्या घरी निघाली तेव्हा तिच्या पायांचे तुकडे पडायचे तेवढे बाकी होते. सकाळी गेलेली वीज दुपारीच परत आली होती, तरी लिफ्ट रुसलेलीच. चार जिने चढताना तिने धाकट्या भावाला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. त्याचं काय जातं? फोनवर म्हणाला, "ताई, आज नीट बघून ये. बाबा एकटे राहू शकतात की नाही, एकदाच काय ते सांग. नाही म्हणालीस तर रविवारी गाडी घेऊन येतो, त्यांना माझ्याकडे न्यायला." बाबांनाही त्याने हे सांगून ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी फोन आपटला होता. म्हणजे निकाल थोरलीने द्यायचा आणि पापही तिच्याच माथी.

दार उघडंच होतं. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. टीव्ही पालथा, त्याची पाठ उघडी. रेडिओचं पोट बाहेर. मिक्सरचे स्क्रू बशीत. मधोमध बाबा, चष्मा नाकाच्या टोकावर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे टीव्ही-रेडिओ दुरुस्त केले होते. गल्ली अजून त्यांना मास्तरच म्हणायची.

"सगळं गेलं गं," ते म्हणाले. "लाइट जोरात आली असणार. फ्रिजसुद्धा मेला. एकेक उघडून बघतोय, पण जळाल्याची खूण कुठे सापडेना."

डोक्यावर पंखा मजेत फिरत होता. थोरलीने एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा उघड्या टीव्हीकडे.

लहानपणी ती दुकानात त्यांच्याशेजारी स्टुलावर बसायची, तेव्हाचा पहिला धडा हाच: आधी भिंतीला विचारायचं, मग यंत्राला. सॉकेटमध्ये वीज आहे का ते टेस्टरने बघितल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही बोंबलो. तो धडा घोटून घेणारा माणूस आज दुपारपासून यंत्रांची आतडी काढून बसला होता.

तिने पसाऱ्यातला टेस्टर उचलून सॉकेटमध्ये घातला. पेटला नाही. दुसऱ्यात घातला, तिसऱ्यात घातला, तेच. मग दारामागच्या बोर्डाचं झाकण उघडलं. दिव्या-पंख्यांचा फ्यूज जागेवर होता. सॉकेटचा नव्हताच, तिथे नुसती खोबण.

वीज गेली की, परत येताना जोरात येऊन यंत्रं जळू नयेत म्हणून, बाबा तो फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकत. कामावरची जुनी सवय. बोर्डाजवळ ठेवला तर कुणीतरी शहाणा येऊन लावून टाकतो, म्हणायचे. थोरलीने वळून पाहिलं. सदऱ्याचा खिसा फुगलेला होता.

"बाबा, सदरा काढा बघू. किती मळलाय, धुवायला टाकते."

"आत्ता?"

"आत्ताच."

त्यांनी मुकाट्याने काढून दिला. तिने उघड्या यंत्रांचे प्लग उपसले, मेन बंद केला, खिशातला चिनी मातीचा फ्यूज खोबणीत बसवला आणि मेन पुन्हा चालू केला. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरायला लागला.

"फ्यूज सैल झाला होता," ती म्हणाली. "दाबून बसवला." पेशंटशी दिवसभर असंच बोलायचं असतं, त्यामुळे जीभ अडखळली नाही.

बाबा बनियनवरच उठले. बोर्डापाशी जाऊन बघत राहिले. मग त्यांचा हात छातीवर गेला, जिथे खिसा असायचा तिथे, आणि तिथेच राहिला.

"तो सैल होत नसतो," ते म्हणाले. "मी बसवलाय तो." मग सॉकेटकडे बघत म्हणाले, "भिंतीला विचारलंच नाही मी."

"दमलात बाबा. होतं असं कधीकधी."

"दवाखान्यात असंच सांगता ना तुम्ही लोकांना?"

थोरलीला रडू आलं. ते लपवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खाली बसून टीव्हीची पाठ लावायला घेतली. एकेक स्क्रू बरोबर आपल्या भोकात जात होता. ते बघून तिला वाटलं, खोटं सांगावं धाकट्याला. सगळं ठीक आहे म्हणावं.

तेवढ्यात धाकट्याचाच फोन आला. ती नुसती वाजणाऱ्या फोनकडे बघत बसली.

"उचल," बाबा मान खाली घालूनच म्हणाले. "रविवारी ये म्हणावं. पण दुपारनंतर. हे सगळं जोडून होऊ दे माझं."