चोपड्याचा घुमट

मित्रांनो, माझा जन्म डिचोलीतल्या एका कुंभाराच्या चाकावर झाला. मी घुमट, मातीचं वाद्य. माझ्या मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं आहे, मागचं लहान तोंड उघडं. त्या उघड्या तोंडातून वारा शिरला की आजही मला स्वतःचाच आवाज दुरून येतोय असं वाटतं.

गोवा मुक्त झाल्यानंतर काही वर्षांनी कृष्णनाथाने मला नदीकाठच्या चोपडे गावी आणलं. तो शेती करायचा आणि आरत्या रचायचा. चतुर्थी आली की त्याची नवी आरती तयार असायची. ती म्हणायचा त्याचा मित्र विठ्ठल. विठ्ठलाने सूर लावला की नदीपलीकडचे लोकही थांबून ऐकतात, असं गावात म्हणत. ते कौतुक मी छाती भरून ऐकायचो.

मग कृष्णनाथाला सुचेनासं झालं. कारण काहीच नव्हतं. शब्द यायचे थांबले, एवढंच. एक चतुर्थी जुन्याच आरत्यांवर गेली, मग दुसरीही.  शेवटी त्याने मला माळ्यावर नेऊन ठेवलं. तिथे माझं चामडं सैल पडलं. नदीचा ओला वास कौलांतून यायचा आणि मी अर्धवट झोपेत असायचो.

मला खाली काढलं ते त्याच्या बायकोने, कमलाक्षीने. तिने मला पुसलं, उन्हात ठेवलं आणि मग त्याच्या मांडीवर दिलं. म्हणाली, "गाणा येतला तेव्हा येतला. तोपर्यंत हात कित्याक थांबवतास?"

तेव्हापासून तो रोज सकाळी ओसरीवर बसून मला वाजवू लागला. पाव विकणारा पोदेर यायचा, त्याच्या भोंप्याच्या आवाजावर कृष्णनाथ ताल धरायचा. शेजारच्या सत्यवतीकडून बायकांची जुनी गाणी ऐकून घ्यायचा. फुगडीसाठी दोन ओळी जुळवायचा, नाही आवडल्या की हसून सोडून द्यायचा. सत्यवतीच्या नातीसाठी त्याने एक पाळणा रचला. यातल्या कशालाच तो गाणं मानत नव्हता.

त्या पावसाळ्यात विठ्ठलाच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो ओसरीवर येऊन बसला. 

"आवाज जावच्या आधी तुझा एक नवा गाणा म्हणूचा आसा," तो म्हणाला.

कृष्णनाथाने खूप प्रयत्न केला, पण आरती आली नाही. विठ्ठलाला आता वरचे सूरही लागत नव्हते. चतुर्थीच्या संध्याकाळी कृष्णनाथ त्याच्याजवळ गेला.

"ही आरती न्हय, पाळण्याचा गाणा. पण तुझ्या गळ्याक झेपतला."

विठ्ठलाने गणपतीसमोर तो पाळणा म्हटला, खालच्या सुरात, अगदी हळू. टाळ आपोआप थांबले. मीसुद्धा कुजबुजल्यासारखा वाजलो. सत्यवतीची नात तिच्या मांडीवर झोपून गेली आणि तिला कोणी उठवलं नाही.

पुढे विठ्ठलाचा आवाज गेला. आता मी त्याच्या मांडीवर असतो आणि कृष्णनाथ आपल्या जाडसर आवाजात गातो. आरत्या पुन्हा येऊ लागल्या आहेत, पण दर वर्षी नाही. न सुचणाऱ्या वर्षांची त्याला आता भीती वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा, थोडं ऊन दाखवा. आणि काही सुचत नसेल तेव्हा तर जरूर जवळ घ्या. त्या दिवसांत आम्हालाही फार एकटं वाटतं.