पंखा : आहे

मित्रांनो, मी एक जुना छताचा पंखा आहे. जुना असलो तरी आयुष्यातली पहिली अकरा वर्षं मी नवाच होतो, कारण मला कुणी कधी चालूच केलं नाही. शाळेत पंख्याचं आत्मवृत्त लिहिताना तुम्ही 'मी सर्वांना थंडगार वारा देतो' असं एक वाक्य घालता. माझ्याबद्दल लिहिताना ते वाक्य गाळा. मी एका घराला वारा नाही, नुसती श्रीमंती दिली. ती कशी, ते सांगतो. सांगता सांगता मी चिडलो तर समजून घ्या. मला पाती तीन असली तरी डोकं एकच आहे, आणि ते गेली काही वर्षं तापलेलंच आहे.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. लोखंड ओतलं, तांब्याची तार गुंडाळली, बदामी रंग दिला आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते परतूरच्या बाजारात. साल असावं १९८६. समोर अप्पाराव उभा होता. तो मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली करायचा आणि त्याच्या बहिणीचं, साळूबाईचं, लग्न ठरलं होतं. दुकानदार म्हणाला, "टेबलफॅन ने, स्वस्तात पडंल." अप्पाराव म्हणाला, "न्हाई. टेबलफॅन कुणीबी देतंय. मला छताचाच पाहिजे."

मग त्याने मला पेंटरकडे नेलं आणि माझ्या तीन पात्यांवर तीन ओळी लिहून घेतल्या : 'चि. साळूबाई हिस', 'बंधू अप्पाराव यांजकडून', 'सप्रेम भेट'. पंखा फिरायला लागला की त्यावरचं नाव वाचता येत नाही, हे पेंटरला माहीत होतं. पण त्याला ओळीमागे पैसे मिळत होते. पुढे ते नाव अकरा वर्षं अगदी स्वच्छ वाचता येणार होतं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

लग्नात आहेर पुकारणारा लाऊडस्पीकरवरून ओरडला, "नवरीच्या भावाकडून पंखा! छताचा!" आणि मांडवातल्या सगळ्या माना वर गेल्या. वर नुसतं कापड होतं, पण लोकांनी कौतुकाने ते पाहिलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा दिवस.

साळूबाईचं सासर वाटूर फाट्यापासून थोडं आत. नवरा रखमाजी परतूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. घराला चार भिंती आणि वर पत्रे होते. एका लाकडी वाशाला हूक ठोकून मला टांगलं गेलं. त्यानंतर सगळे जण बटण शोधू लागले. बटण नव्हतं, कारण वायर नव्हती. वायर नव्हती, कारण मीटर नव्हतं. मीटर नव्हतं, कारण घर गायरानात होतं आणि सरकारच्या कागदावर त्या जागी गवत होतं. गवताला मीटर मिळत नाही.

म्हणून मी दुसरी कामं शिकलो. एका पात्याला लसणाच्या जुड्या, दुसऱ्याला बियाण्याचं गाठोडं, आणि तिसऱ्याला रखमाजीचा बाहेर जायचा सदरा. माझ्या वरच्या वाटीत एका चिमणीने घर केलं. त्या अख्ख्या घरात कायदेशीर जागा मिळालेली ती एकटीच.

दर भाऊबीजेला अप्पाराव यायचा. त्या दिवशी लसूण, गाठोडं, सदरा सगळं उतरायचं आणि साळूबाई मला ओल्या फडक्याने पुसायची. अप्पाराव जेवायला बसला की रखमाजी मागे उभा राहून काठीने मला ढकलायचा. मी दोन फेरे मारायचो, थांबायचो, पुन्हा काठी.

"लाइट गेली वाटतं दाजी?" अप्पाराव ताटातून मान वर न करता विचारायचा.

"आत्ताच गेली बघा, पाव्हणे. तुम्ही यायच्या आधी भरारा चालू होता."

अकरा भाऊबीजा हेच बोलणं झालं. वायर नाही हे अप्पारावला दिसत होतं, आणि त्याला दिसतंय हे रखमाजीला माहीत होतं. तरी दोघांपैकी एकानेही कधी ते तोंडावर आणलं नाही. एकमेकांची इभ्रत सांभाळायला वीज लागत नाही.

मग दिल्लीत कुणीतरी एक ठराव केला.

त्याआधी रेशन सगळ्यांना एकाच भावाने मिळायचं. आता ठरलं की स्वस्त धान्य फक्त खऱ्या गरिबालाच, पिवळ्या कार्डावर द्यायचं. ऐकायला किती छान वाटतं! अडचण एकच, खरा गरीब ओळखायचा कसा? गरिबाला विचारलं तर तो खरं सांगणार, आणि खऱ्यावर सरकारचा विश्वास नाही. म्हणून वस्तूंना विचारायचं ठरलं. एक यादी निघाली. टीव्ही, फ्रिज, मोटरसायकल, ट्रॅक्टर आणि मी. यातलं काही घरात सापडलं की ते घर गरीब नाही. ज्या माणसाने ट्रॅक्टरच्या शेजारी पंखा लिहिला, त्याने मराठवाड्यातला मे महिना पाहिलेला नसावा. आणि पाहिला असेल तर फार गार खोलीत बसून पाहिला असावा.

पाहणीची बातमी गावात एक दिवस आधीच आली. गल्लीतले सगळे पंखे एका दुपारीत खाली आले आणि कडब्याच्या गंजीत जाऊन झोपले. पलीकडच्या चिरेबंदी घरात झुंबरबाई राहायची. तिचा ट्रॅक्टर जावयाच्या गावी गेला. टीव्ही धान्याच्या कोठीत उतरला. फ्रिज काही कोठीत मावेना, म्हणून तिने त्याला लुगडं नेसवलं, कुंकू लावलं, आणि पुढ्यात नारळ ठेवला.

हे मला चिमणीने सांगितलं, आणि चिमणी खोटं बोलत नाही.

संध्याकाळी झुंबरबाई साळूबाईकडे आली. बाई लबाड असली तरी मनाने वाईट नव्हती. "साळे, ह्यो पंखा काढ बरं जल्दी. उद्या मास्तर येऊन राह्यला लिहायला. पंखा दिसला तर पिवळं कार्ड मिळायचं न्हाई."

"काहून? ह्यो तर फिरतबी न्हाई, काकू."

"फिरू नगं न्हाईतर नाचू नगं. दिसला की संपलं."

साळूबाईने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "भावाचा आहेर हाये. भाऊ जिता असताना आहेर खाली उतरवू? त्याच्या जिवाला काही झालं म्हंजी?"

"त्याच्या जिवाला काय व्हतंय? तुझ्या लेकरांच्या जिवाचं बघ!"

"न्हाई काकू. भावानं चढवलेलं बहिणीनं उतरवायचं नसतंय."

सगळ्या गल्लीत सकाळी फक्त मी टांगलेला होतो. रात्री लसूणसुद्धा उतरवला होता. सरकारचा माणूस येणार म्हणून साळूबाईने मला पुसून लख्ख केलं होतं.

धर्मराज मास्तर चौथीच्या वर्गाला कुलूप लावून पाहणीला निघाले होते. आधी ते झुंबरबाईकडे गेले. "नवसाची देवी बसवलीय," ती म्हणाली. मास्तरांनी चपला काढल्या आणि फ्रिजला हात जोडले. तेवढ्यात देवी घुर्र करून थरथरली. "अंगात आलं!" झुंबरबाई ओरडली. मास्तरांनी घाईघाईने 'फ्रिज : नाही' असं लिहिलं आणि ते बाहेर पडले.

मग ते आमच्याकडे आले.

"वीज आहे का?"

"न्हाई."

"पंखा?"

"वर हाये की. भावानं दिल्ता."

मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बाई, वीज न्हाई तर पंखा काय कामाचा?"

"तेच म्हणते मी, गुरुजी. तसंच लिहा."

"तसं लिहायला जागाच न्हाई हो ह्याच्यात." त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने नीट पाहिला. "आहे किंवा नाही. मधलं काहीच न्हाई." मास्तरांचा आवाज खाली आला. "मी 'नाही' लिहिलं आन् वरून कुणी तपासायला आलं, तर माझी नोकरी जाईल. नवी भरती बंद हाये. पुन्हा मिळायची न्हाई."

आणि त्यांनी लिहिलं : 'पंखा : आहे.'

अशा रीतीने मी साळूबाईला श्रीमंत केलं. झुंबरबाईला पिवळं कार्ड मिळालं, साळूबाईला केशरी. पुढे केशरी कार्डावरचा गहू बाजारातल्या गव्हाइतकाच महाग झाला. सरकारच्या हिशेबाने ती आता मध्यमवर्गात आली होती. मध्यमवर्गात आल्यावर तिने आधी डाळ बंद केली, मग तेल. पुढे रात्रीच्या भाकरीत ती स्वतःची भाकरी धरीनाशी झाली. रखमाजीला एका खेपेत गाठ उचलेनाशी झाली. मी वरून सगळं पाहत होतो. टांगलेल्या वस्तूला मान फिरवता येत नाही.

त्या भाऊबीजेला अप्पाराव आला. ताटात आंबील होती. रखमाजी सवयीने काठी घेऊन उभा राहिला. अप्पारावने ताटाकडे पाहिलं, मग बहिणीच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, ठिवा ती काठी."

झुंबरबाईने त्याला सगळं सांगितलं होतं. तो स्टुलावर चढला. "ज्यानं चढवला त्यानं उतरवला तर काही व्हत न्हाई," तो म्हणाला. त्याने मला खाली काढलं. त्याच्या हाताला माझ्या पात्यावरचं त्याचंच नाव लागत होतं. "चल साळे. कचेरीत नेऊन दावू. म्हणावं, बघा, ह्याला वायरबी न्हाई."

कोणत्या कचेरीत, ते मी सांगणार नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे.

दुसऱ्या दिवशी एसटीत कंडक्टरने विचारलं, "ह्याचं लगेज कोण भरणार?" अप्पाराव म्हणाला, "सरकारला इचारा. सरकारच्या लेखी ह्योच आमच्या घरातला कर्ता माणूस हाये." अख्खी एसटी हसली. कंडक्टरने तिकीट फाडायचं सोडून दिलं.

कचेरीत साळूबाईने मला टेबलावर ठेवलं. "साहेब, ह्यो पंखा फिरत न्हाई. ह्याच्यापायी माझं कार्ड गेलं."

"फिरत नाही म्हणता, पण पुरावा काय?" कारकून म्हणाला. तो घामाने भिजला होता. कचेरीतला पंखा जळून आठ महिने झाले होते आणि छताचा हूक रिकामा होता. "लावून बघू. शिपाई, वायर आण."

मित्रांनो, मी खूप प्रयत्न केला. शपथेवर सांगतो, मी पाती आवळून धरली. पण अकरा वर्षं न वापरलेली मोटर होती ती, आतली तांब्याची तार कोरी करकरीत होती. शिपायाने मला त्या रिकाम्या हुकाला टांगलं, वायर जोडली, बटण दाबलं आणि माझ्या अंगातून काहीतरी सळसळत गेलं. मी हललो. मी फिरलो. पहिल्यांदाच, कुणाच्या काठीशिवाय.

आणि खाली अप्पाराव टाळ्या वाजवून ओरडला, "फिरला! साळे, फिरला गं! बघ, बघ! मी म्हणलं न्हवतं, एक नंबरचा माल हाये!"

तो कशासाठी आला आहे तेच विसरला होता. अकरा भाऊबीजा तो याच क्षणाची वाट पाहत मान खाली घालून जेवला होता. त्याचे डोळे भरून आले होते. साळूबाईचा पदर वाऱ्याने उडाला आणि तिने तो घट्ट धरला. तिच्या एकटीच्या लक्षात आलं होतं.

कारकुनाने अर्जावर लिहिलं : 'पंखा सुस्थितीत चालू. अर्जदाराच्या भावाने ही बाब आनंदाने मान्य केली. अर्ज नामंजूर.'

अप्पारावचे हात हवेतच राहिले.

"साहेब," साळूबाई म्हणाली, "ह्यो पंखा मी उकडून खाऊ का भाजून?"

"बाई, नीट बोला."

"नीटच बोलून राह्यले. बरं, आता तर घरात न्हाई ना ह्यो? मंग 'नाही' लिहा."

"असं कसं? पंखा तुमच्याच नावाचा आहे. त्याच्यावर लिहिलंय." त्याने वर बोट केलं. पण मी फिरत होतो आणि काही वाचता येत नव्हतं. मग त्याने बटण बंद केलं, मला थांबू दिलं, नाव वाचून दाखवलं आणि पुन्हा बटण चालू केलं. "नवा अर्ज करा. त्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत पुरावा इथंच राहील."

तेव्हापासून माझ्याच वाऱ्याने खालचे अर्ज उडतात. साळूबाईचा नवा अर्ज दोनदा उडाला. एकदा शिपायाने त्यात भजी गुंडाळली. ती दर महिन्याला यायची. माझ्याखालच्या बाकावर बसायची. सहा पावसाळे ती आली. मग रखमाजीची जिनिंग बंद पडली आणि ती यायची थांबली.

पुढे नवी पाहणी झाली. नव्या कागदात माझा मान थोडा उतरला आणि एक दिवस पिवळ्या कार्डांची यादी माझ्याखाली उभं राहून वाचली गेली. मला नाव ऐकू आलं. साळूबाई रखमाजी. मी इतका जोरात फिरलो की छताचा हूक हलला.

"हजर आहे का कुणी?"

अप्पाराव पुढे आला. त्याचे केस पांढरे झाले होते. "ती न्हाई, साहेब. लेकरं घेऊन वीटभट्टीवर गेली, लांब. मी भाऊ हाये तिचा. माझ्याजवळ द्या, मी नेऊन देतो."

"अंगठा बाईचाच लागतो."

"सहा वर्षं आल्ती की ती हितं! तवा न्हाई घेतला अंगठा!"

"पुढचं नाव," साहेब म्हणाले. मग त्यांनी सावकाश लिहिलं, आणि मी वरून ते वाचलं : 'लाभार्थी गैरहजर. गरज नसावी.'

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला पुसा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. मला तेल नको. माझी एवढीच विनंती आहे. मोठे झाल्यावर कधी ना कधी तुम्हालाही कागद घेऊन अशा कचेरीत जावं लागेल. दारातून आत शिरलात की उजव्या हाताला बटणांची पाटी असते. त्यातलं तिसरं बटण माझं. ते बंद करा. साहेब ओरडतील. ओरडू द्या. त्यांना जरा घाम येऊ द्या.