सुईणीच्या नावाचा दगड

मी एका थडग्याचा दगड आहे. रत्नागिरीतल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत, कुंपणाच्या दगडी गडग्यालगतच्या काजूखाली, साठ-पासष्ट वर्षं उभा आहे. आजवर कधी तक्रार केली नाही. आज करणार आहे, कारण आज माझं डोकं फिरलंय.

जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही, म्हणून दादू पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. दादूला लिहितावाचता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरांनी खडूने अक्षरं काढून दिली आणि त्यांवरून त्याने छिन्नी चालवली. एक काना चुकू नये म्हणून तो श्वास रोखून धरायचा. त्याची दोन्ही मुलं जिच्या हातांवर जन्मली, तिचंच नाव तो कोरत होता: ‘सगुणाबाई योहान, सुईण’.

तिची हकिकत मला दादूच्याच तोंडून कळली. आषाढात दुथडी भरून वाहणारा पऱ्या ओलांडून ती एका वाडीवर गेली होती. तिथे बाई अडलेली. आई वाचली, मूल वाचलं. ओल्या लुगड्यानिशी दोन दिवस राबलेली सगुणाबाई मात्र तापाने गेली.

तिची नात नम्रता शिक्षिका आहे. आजीला तिने पाहिलेलं नाही, तरी दरवर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, येते, मला घासते, झेंडू वाहते, मेणबत्ती लावते. मधलं वर्षभर माझ्यावर शेवाळ चढतं. त्याचं मला काही वाटत नाही.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर शुभंकर आला. मांडवीचा, लग्नाचे फोटो काढणारा. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं. त्याने माझ्यापुढे एक वाळकी फांदी टेकवली, चार बाजूंनी फोटो काढले आणि गेला. कुणी तरी प्रेमाने पाहिलं, असं मला वाटलं. कसला मूर्ख मी!

आठ-दहा दिवसांनी अनोळखी माणसं येऊ लागली. ती मोबाइल माझ्याशेजारी धरून ताडून बघत, तेव्हा तो फोटो मला दिसला. ऊन गायब. निळीकाळी रात्र, ताटाएवढा चंद्र, आमच्याकडे कधी पडलं नाही एवढं धुकं. माझ्या हिरव्या शेवाळाला लाल रंग देऊन अक्षरांतून रक्त गाळलं होतं. खाली लिहिलं होतं, बाळंतिणींचे जीव घेणारी सुईण, मेल्यावर हडळ झाली.

मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

मग टाचण्या टोचलेली लिंबं आली, काळ्या बाहुल्या आल्या. व्हिडिओ काढता काढता एकाने गंमत म्हणून मला लाथ घातली. ‘सुईण’ या शब्दावरून आरपार तडा गेला. ते हसत निघून गेले.

दोन नोव्हेंबरला नम्रता आली. तिने एकेक लिंबू उचलून पिशवीत भरलं. पुढच्या रविवारी ती शुभंकरला शोधून घेऊन आली.

तो म्हणाला, “मॅडम, मी फक्त मूड दिला ओ. साधा फोटो कोण बघत नाय. डिलीट करतो, मग झालं?”

“दोन लाख लोकांनी पाहिलाय तो,” नम्रता म्हणाली. “तू डिलीट केल्याने माझी आजी हडळ व्हायची थांबणार आहे? दगड घास आधी. मग नाव वाच, मोठ्याने.”

तो उकिडवा बसला आणि काथ्याने मला घासू लागला. नाव वाचताना त्याने तड्यावरून बोट फिरवलं. बाई कशाने गेल्या, असं त्याने हळूच विचारलं. नम्रताने सगळं सांगितलं. मग त्याने दिवसाउजेडी, आहे तसा माझा फोटो काढला आणि खाली खरी हकिकत लिहिली. तड्यात सिमेंटही भरून गेला.

खरा फोटो जेमतेम तीनशे लोकांनी पाहिला. खोटा कुणाकुणाच्या मोबाइलमधून अजून फिरतोच आहे. शुभंकरला पस्तावा झाला असेल, पण माझा राग गेलेला नाही.

आज सकाळी एक पोटुशी बाई गडग्याबाहेरून चालली होती. माझ्याकडे नजर जाताच तिने पदर पोटावर ओढला आणि भरभर पुढे गेली. जिला बोलवायला माणसं धावत जायची, तिच्या नावाला भिऊन!

मला तिच्या मागे जाता येत नाही. तुम्हाला ती भेटली, तर तेवढं सांगा. म्हणावं, भिऊ नकोस, इथे सुईण आहे.