जिन्याखालचा जोड

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, ही गोष्ट ह्यांच्याखेरीज घरात सगळ्यांना ठाऊक होती. ह्यांचं म्हणणं असं, की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. बातम्या सांगणारी बाई पुटपुटते, मुलगा पुटपुटतो आणि मी तर लग्न झाल्यापासून पुटपुटतेय. मला आजवर कुणी काही म्हटलं असेल, पण पुटपुटते असं म्हणणारा हा एकच माणूस.

दुसऱ्या एखाद्या धंद्यात हे खपून गेलं असतं. ह्यांचा धंदा पडला कानाचा. भिंतीतून पाइप फिरवून अख्ख्या घराचं एकच व्हॅक्यूम बसवतात ना, ते बसवायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं. यंत्र कोठीच्या खोलीत टांगलेलं, बाकी खोल्यांत भिंतीला नुसत्या झडपा. झडप उघडून लांब नळी खुपसली की यंत्र आपोआप सुरू होतं आणि धूळ भिंतीतल्या भिंतीत कोठीतल्या डब्यात जाऊन पडते. पण बिघाडही भिंतीतल्या भिंतीतच होतो. दिसत काही नाही, म्हणून ऐकावं लागतं.

फोन घ्यायचं काम माझं. त्या वेळी फोन एकच, स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि त्याची तार जेमतेम ओट्यापर्यंत यायची. एक डोळा दुधावर ठेवून मी लोकांना प्रश्न विचारायची. डबा रिकामा केलात का? "केला होता की, मागच्या वर्षी." फिल्टर धुतलात का? त्याला फिल्टर असतो हेच निम्म्या लोकांना माहीत नसायचं. ओढ सगळ्या झडपांना कमी आहे की एकाच? एकाच झडपेला असेल तर त्या फाट्यात काहीतरी अडकलंय, मुलांना विश्वासात घेऊन विचारा. सगळ्यांनाच असेल तर डबा, फिल्टर, नाहीतर गळती. यंत्र बंदच होत नसेल तर कुठल्यातरी झडपेतल्या तारा एकमेकींना चिकटल्यात.

एवढं करूनही पत्ता लागला नाही, तर मी त्यांना रिसीव्हर झडपेशी धरायला सांगायची आणि ऐकायची. आवाज घोगरा असला की फिल्टर तुंबलेला. खडखड असली की खेळण्यातली गाडी. बारीक शीळ आली की कुठंतरी जोड सुटलाय. संध्याकाळी हे यायचे, हातपाय धुवायचे आणि विचारायचे, "काय म्हणतंय?" मी सांगायची. दुसऱ्या दिवशी हे जाऊन नेमकं तेच दुरुस्त करायचे आणि घरी येऊन मला सांगायचे, "तिथं गेल्यागेल्या माझ्या लक्षात आलं." यावरून मी कधी भांडले नाही. म्हणजे भांडले, पण उपयोग झाला नाही. फार सुखाचे दिवस होते ते. आता लोक फोनवरून व्हिडिओ पाठवतात आणि मला कुणी काही विचारत नाही.

गेल्या दोन महिन्यांत ह्यांची दोन कामं फसली. एका घरी हे "झालं" म्हणून हत्यारांची पेटी आवरून निघाले, तर त्या घरच्या आजी म्हणाल्या, अजून वाजतंय की. घरी येऊन ह्यांनी दोन दिवस पेटीला हात लावला नाही. मुलाने कानाचं यंत्र आणून दिलंय, पण मोटर सुरू झाली की ते किंचाळतं, म्हणून कपाटात पडलंय. आमच्या चिरंजीवांनी मग परस्पर निकाल लावून टाकला. बाबांनी आता बास करावं, पेटी एका नव्या मिस्त्रीला द्यावी. मिस्त्रीशी बोलूनही ठेवलं होतं.

तेवढ्यात शाळेच्या निवृत्त मोठ्या बाईंचा फोन आला. बाई ऐंशीच्या पुढच्या, ओळखीच्या प्रत्येकाला अरेतुरे करणाऱ्या. त्यांच्या घरी केलेलं काम हे आमचं पहिलं. ओढ पार गेली म्हणाल्या, आणि भाची मागे लागलीय की हे धूड काढून टाक, चाकांचं साधं आण.

मी ह्यांना ओरडून सगळं सांगितलं. हे म्हणाले, "हे मला सापडलं नाही, तर पेटी देऊन टाकतो त्याला." चिडून म्हणाले असते तर मी मनावर घेतलं नसतं. शांतपणे म्हणाले, म्हणून घेतलं. मी म्हटलं, मीपण येते, बाईंना भेटून किती वर्षं झाली. ह्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं, पण टॉर्च माझ्या हातात दिला.

बाईंच्या घरी हे रीतसर लागले कामाला. डबा उघडला, रिकामा होता. फिल्टर स्वच्छ; बाईंच्या घरात दुसरं काय असणार. मग नळी भिंतीला न लावता थेट यंत्रालाच लावली, तर तिने ह्यांच्या सदऱ्याचं टोक गिळलं. म्हणजे यंत्रात ताकद होती आणि दोष पाइपांत होता. सहाच्या सहा झडपा तपासल्या, सगळ्यांना ओढ अर्धीच. मुख्य पाइपाला गळती, यात शंका नव्हती. ती कुठं, एवढंच शोधायचं होतं.

नळीचं तोंड दाबून धरलं की आतली ओढ वाढते आणि गळती जोरात वाजते. म्हणून ह्यांनी बाईंना दिवाणखान्यातल्या झडपेशी खुर्चीवर बसवलं आणि तळहात नळीच्या तोंडावर ठेवायला सांगितला. किती वेळ, बाईंनी विचारलं. ते ह्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी म्हटलं, सापडेपर्यंत. मग ह्यांनी रबरी नळीचं एक टोक कानात घातलं, दुसरं भिंतीला लावलं आणि भिंतीच्या कडेकडेने चालायला लागले.

मला ती शीळ पहिली झडप तपासली तेव्हाच ऐकू आली होती. जिन्याखालच्या कपाटातून येत होती, अगदी स्वच्छ. हे जिन्यापाशी आले, नळी लावली, डोळे मिटले आणि पुढे गेले. पुन्हा आले, पुन्हा पुढे गेले. मी टॉर्च धरून उभी. सांगितलं तर गळती सापडली मला, ह्यांना नाही, आणि पेटी जाणार. नाही सांगितलं तरी पेटी जाणारच. एकदा वाटलं, खोकल्यासारखं करून कपाटाकडे बघावं. पण खोकलासुद्धा ऐकू गेला नसता.

तिसऱ्या फेरीला हे जिन्याच्या पायरीवर बसले. कानातून नळी काढली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मला काहीच ऐकू येत नाहीये. ह्या भिंतीतलं तर नाहीच. तुझंसुद्धा निम्मं येत नाही. दोन वर्षं झाली."

मग नळी माझ्यापुढे धरली. "तू ऐक."

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, की नळी कशाला हवी, जिन्याखाली आहे. ह्यांनी विचारलं, कधीपासून ऐकतेयस? म्हटलं, पहिल्या झडपेपासून. मग बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानते, कारण मला रडूच आलं असतं.

कपाटातल्या बॅगा बाहेर काढल्या. बाईंनी मागच्या महिन्यात तिथं सुताराकडून नवा फळ्यांचा कप्पा ठोकून घेतला होता, त्याच्या धक्क्याने पाइपाचं वळणावरचं कोपर सरकलं होतं. जोडात बोटभर फट. मी टॉर्च धरला. ह्यांनी पाइपाच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि कोड्यात पडले. तिथं चिकटवल्याची खूणच नव्हती. नुसता दाबून बसवलेला कोरडा पाइप.

"मी जोड कोरडा सोडत नाही," हे म्हणाले. ते खरंच आहे. हा माणूस साधं पाकीटही दोनदा चिकटवतो.

आणि मग मला आठवलं. घराला तेव्हा गिलावासुद्धा नव्हता. खिडक्यांच्या जागी भोकं, सगळीकडे सिमेंटचा वास. पैसे वाचावेत म्हणून हाताखाली माणूस नव्हता, पाइप मी धरायची. ह्याच जिन्याखाली मी उपड्या बादलीवर बसले होते. ह्यांनी ब्रश पाइप चिकटवायच्या सोल्युशनमध्ये बुडवला, तेवढ्यात मी सांगितलं, की सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आले आणि आपल्याला बाळ होणार आहे. ह्यांनी ब्रश डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि जमिनीवर बसले. नंतर आम्ही उठून बाहेर चहा प्यायलो आणि तसेच चालत घरी गेलो. सगळा वेळ ह्यांनी माझा हात धरला होता, भर रस्त्यात. तेव्हा ह्यांचे केस काळे होते आणि मी हळू काही बोलले तरी ह्यांना कळायचं.

मी वळून पाहिलं, तर हे माझ्याकडेच बघत होते. त्यांनाही आठवलं होतं. "अठ्ठावीस वर्षं," म्हणाले आणि इतक्या मोठ्याने हसले, की आतून बाईंनी विचारलं, मी हात काढू का? चिरंजीव पोटात असल्यापासून बापाच्या धंद्यात लुडबुड करत आलाय, हे मी त्याला घरी गेल्यावर सांगणार होते.

यंत्र बंद करून ह्यांनी पाइप पुसला, सोल्युशन लावलं, कोपर आत दाबून किंचित फिरवलं आणि सुकेपर्यंत तसंच धरून ठेवलं. नंतर सहाही झडपा तपासल्या, सगळ्यांना ओढ. बाईंनी लगेच भाचीला फोन लावला, काही काढायचं नाही म्हणून.

हे कोठीत गेले. यंत्र सुरू करून त्याच्यावर तळहात ठेवला. हे यंत्र ह्यांनी स्वतः खांद्यावरून आणून इथं टांगलं होतं. "मोटर कशी वाजतेय?" त्यांनी विचारलं.

दोन महिन्यांनी ह्यांचा चेहरा ह्यांच्यासारखा दिसत होता. मी ऐकलं. वरवर घुमणारा आवाज चांगला होता, पण त्याच्याखाली काहीतरी खरडत होतं. फोनवर ऐकलं असतं तर दुधावरचा डोळा न हलवता सांगून टाकलं असतं. आता "छान" एवढंच म्हणायचं होतं. ह्यांना कळलं नसतं, बाईंना कळलं नसतं, आणि आजचा दिवस तरी गोड झाला असता.

मी ह्यांच्या कानाशी गेले. "खरखरतेय. खालच्या बाजूला. बेअरिंग जाणार."

चेहरा उतरला त्यांचा. किती दिवस, म्हणाले. दोन महिने, फार तर, मी म्हटलं. हे यंत्रावरचा हात न काढता माझ्याकडे वळले.

"छान म्हणाली असतीस ना," ते म्हणाले, "तर घरी गेल्यावर पेटी देऊन टाकली असती. मला ऐकू येत नाही, पण तुझा चेहरा दिसतो. तूच खोटं बोलायला लागलीस, तर मी कुणाच्या भरवशावर काम करणार?"

मग यंत्र बंद करून त्यांनी बाईंना सांगितलं, की मोटर उघडावी लागेल, बुधवारी येतो, हिला वेळ असेल तर. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, बुधवारी सकाळी मी मोकळी आहे. ऐकू आलं नाही की हे एरवी नुसती मान डोलवतात आणि पुढे जातात. दोन वर्षं मी तेच बघत होते. आज मान डोलवली नाही. माझ्याजवळ सरकले, कान पुढे केला आणि म्हणाले, "काय? पुन्हा सांग."