पेन्सिलीची कमान

सर रोलंड ॲस्क्यू यांचं दुसऱ्या अंकातलं मौन पहिल्या प्रयोगाला सात सेकंदांचं होतं. हे मी अंदाजानं सांगत नाही. विंगेतल्या माझ्या कोपऱ्यात संहितेची वही असते आणि गळ्यात स्टॉपवॉच. एकतीस वर्षं मी प्रॉम्प्टर आहे, अडलेल्या नटाला विंगेतून शब्द पुरवते. नट जे बोलतो ते लोक ऐकतात. तो जे बोलत नाही ते मोजणं माझ्याकडे.

रोली (लंडनच्या नाटकवाल्यांत त्यांना ‘सर’ कुणी म्हणत नाही) हल बंदराच्या गोदीत मासे उतरवणाऱ्याचा मुलगा. दर आठवड्याला नवं नाटक लावणाऱ्या गावोगावच्या कंपन्यांत दहा वर्षं घासले, मग एका सिनेमात पाणबुडीचा कप्तान झाले आणि देशाला माहीत झाले. बसचा कंडक्टर अजूनही तिकीट देताना विचारतो, ‘बुडी मारायची का, कप्तान?’ पुढं पडद्यावर त्यांनी तीन ॲडमिरल, दोन बिशप आणि एक खुनी डॉक्टर केला. माझ्या मते डॉक्टर तेवढा बरा होता. पण दर सिनेमानंतर ते नाटकात परत यायचे. म्हणायचे, तिकडं माझं मौन फिल्म कापणारा कात्रीवाला ठरवतो.

मौनाचा आमच्याकडे एक नियम आहे. तालमीत नट सांगतो की ही जागा माझी, इथं मी गप्प राहणार. तिथं मी वहीत पेन्सिलीनं एक कमान काढते. त्या कमानीखाली प्रॉम्प्टरनं तोंड उघडायचं नाही, मग थिएटरला आग लागो. १९५८ साली लीड्समध्ये मी नवी होते, कमान काढायची राहिली होती, आणि रोलींच्या मौनात पाचव्या सेकंदाला मी शब्द पुरवला. प्रवेश संपल्यावर ते विंगेत आले आणि म्हणाले, ‘बाई, ते माझं होतं.’ एवढंच. त्यानंतर त्यांची चौदा नाटकं मी सांभाळली. रोजच्या अहवालात प्रॉम्प्टचा रकाना असतो. त्यांच्या नावापुढं लीड्सनंतर कायम शून्य.

हे पंधरावं नाटक. त्यात ते विधुर न्यायाधीश. मुलगी विचारते, आई आवडायची का हो तुम्हाला? मग कमान. मग ते म्हणतात, ‘सवय झाली होती मला तिची.’ एका समीक्षकानं लिहिलं की या मौनात चाळीस वर्षांचा संसार ऐकू येतो. लोक मौन बघायला तिकिटं काढू लागले.

चौथ्या आठवड्यात ते अकरा सेकंदांवर गेलं. सातव्यात एकोणीस. लोक श्वास रोखून बसत, आणि मी रोलींचा डावा अंगठा बघत होते. तो कोटाच्या शिवणीवर घासत होता. चौदा नाटकांत तो अंगठा कधी हलला नव्हता. शब्द सापडत नव्हता.

हे निर्मात्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाटी लागली असती की सर आजारी आहेत, आणि शहात्तरीत आजारी पडलेला नट परत बोलावला जात नाही. तीन आठवडे उरले होते. बदली नट कॉलिन डेकर तयारच होता. सेहेचाळीस वर्षांचा, सालस. रोज रोलींच्या तब्येतीची चौकशी करायचा, सून सासूची करते तशी. निर्मात्यानं फोनवर विचारलं, दुसरा अंक लांबतोय कसा? मी सांगितलं, लोक जास्त हसतात. नाटकात हसायच्या जागा दोन आहेत.

मग बुधवारचा दुपारचा प्रयोग आला. दुपारी पेन्शनरांची गर्दी, मध्यंतरात मांडीवर चहाचे ट्रे. दुसऱ्या अंकात मौन सुरू झालं. पंधरा. वीस. तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘विसरला गं बिचारा.’

शेजारीण म्हणाली, ‘गप्प बस. मौन आहे ते. पेपरात आलंय.’

सव्विसाव्या सेकंदाला रोलींना वाक्य सापडलं. मी कमानीकडं बघत ओठ मिटून बसले होते. दातांखाली जीभ दुखत होती.

संध्याकाळच्या प्रयोगाआधी ते ड्रेसिंग गाऊनमध्ये, हातात कप घेऊन माझ्या कोपऱ्यात आले. ‘विने, खोडरबर आहे का गं?’

मी दिलं. त्यांनी वही स्वतःकडं ओढली, पान काढलं आणि कमान खोडली. सावकाश, कागद न फाडता. वर फुंकर मारली. कुठल्या नटानं स्वतःचं मौन खोडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

‘किती सेकंदांनी देऊ?’ मी विचारलं.

‘तू सांग.’

‘बारा.’

‘नवव्याला मला भीती वाटायला लागते. आठ दे.’

‘पुढच्या रांगेला ऐकू जाईल, रोली.’

‘जाऊ दे. त्या म्हातारीला खरं बोलल्याचं समाधान मिळेल.’

त्या प्रयोगाला आठव्या सेकंदाला मी म्हटलं, ‘सवय.’ त्यांनी तो शब्द हातात ठेवलेला असावा तसा उचलला आणि वाक्य पुरं केलं. अंगठा हलला नाही. पुढच्या रांगेत एकानं मान वळवली. बाकी टाळ्या नेहमीसारख्या.

अहवाल भरताना मी त्या रकान्यापाशी थांबले. ते मागं उभे होते. ‘लिही की. एक.’

‘ऑफिसात वाचतात.’

‘मग त्यांना वाचू दे. मी त्यांना सकाळी कळवतो, करार संपेपर्यंत करीन आणि मग नाटक बंद. नाटकच म्हणतोय, सिनेमा नाही. तिथं शब्द पाटीवर लिहून समोर धरतात.’

मी एक लिहिला. निर्मात्यानं कुरकूर केली, पण तिकिटं खपलेली होती. पुढच्या तीन आठवड्यांत बहुतेक वेळा मी शब्द दिला, चारदा त्यांनी स्वतः काढला. कॉलिन चौकशी करत राहिला.

शेवटचा प्रयोगही दुपारचाच निघाला. मौन सुरू झालं, मी आठ मोजले, आणि मी ‘सवय’ म्हणायला आणि त्यांनी म्हणायला एकच गाठ पडली. दोन आवाजांत एक शब्द. ते क्षणभर माझ्या कोपऱ्याकडं वळले, आणि उरलेलं वाक्य तिकडंच म्हणाले.

मेकअप पुसून ते आले तेव्हा मी पेन धरून बसले होते. हा शब्द माझा की त्यांचा, ठरेना.

‘अर्धा लिही,’ ते म्हणाले.

सोमवारी ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. प्रॉम्प्टच्या रकान्यात अर्धा कसा, काही चुकलंय का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, नाही, बरोबर आहे, तसाच टाईप करा.